मदत हवी आहे: गुंगीच्या इंजेक्शनमधून बाहेर यायला मांजरीला वीस तास लागले, आता दात काढायला पुन्हा भूल द्यायचीय (नाशिक)

नमस्कार. आमची ठकी, वय ११, पांढरी-पिवळी देशी मांजरी. तिचे दोन दात किडलेत, ते काढायचे तर भूल द्यावीच लागणार. गेल्या गुरुवारी जे झालं त्यानंतर मला ‘भूल’ या शब्दाचीच धास्ती बसली आहे. ज्यांनी म्हाताऱ्या मांजराला भूल देऊन सुखरूप घरी आणलंय त्यांनी, आणि इथे कुणी पशुवैद्य असतील तर त्यांनी, कृपया सविस्तर लिहा.

झालं असं. थंडी पडल्यापासून ठकी अंग चाटेनाशी झाली होती. पाठीवर आणि शेपटीच्या मुळाशी केसांच्या घट्ट गाठी झाल्या. (तोंड दुखत होतं म्हणून चाटत नव्हती, हे नंतर कळलं.) कात्री लावली की चावायची. म्हणून एका दवाखान्यात नेलं. गुंगी देऊन मशीन फिरवतो, पंधरा मिनिटांचं काम, असं म्हणाले. वजन केलं, ३ किलो १०० ग्रॅम. उपाशी आणायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. मांडीत इंजेक्शन दिल्यावर पाच मिनिटांत ती भडाभडा ओकली, सकाळची मासळी जशीच्या तशी बाहेर, आणि मग आडवी झाली. डोळे टक्क उघडे. झोपलीय ना, असं विचारलं तर म्हणाले, हो, असंच असतं. तासाभराने टॉवेलात गुंडाळून रिक्षाने पंचवटीत घरी आणली. संध्याकाळपर्यंत उठेल म्हणाले होते.

संध्याकाळी ती होती तशीच. कान गार, पंजांच्या गाद्या तर फरशीसारख्या. नाशिकची डिसेंबरातली रात्र तुम्हाला ठाऊक आहे, त्यात आमचं घर गंगेच्या (म्हणजे गोदावरीच्या) बाजूला, तळमजल्यावर. डोळ्यांतल्या बाहुल्या इतक्या मोठ्या झाल्या होत्या की पिवळा रंग दिसतच नव्हता. उजव्या डोळ्यावर रजईतला कापसाचा तंतू येऊन चिकटला होता आणि तिची पापणी हलत नव्हती. तो तंतू पाहून माझ्या पोटात कालवलं. दवाखाना बंद, फोन लागेना.

शेवटी मैत्रिणीने दुसऱ्या एका डॉक्टरांचा नंबर दिला. पावणेदहाला त्यांनी फोन उचलला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “कुठलं औषध दिलंय?” मला सांगता येईना. चिठ्ठीवर फक्त ‘सेडेशन’ आणि खाली रक्कम. “किती एमएल?” तेही नाही. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतोय. औषध मानवलं नाही हे एक वेळ समजू शकते, पण नावच माहीत नसेल तर मदत करणाऱ्याचेही हात बांधले जातात.

तरी त्यांनी फोन ठेवला नाही. तोंडात पाणी, दूध काहीही घालू नका, गिळता येत नसलं की ते फुप्फुसात जातं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पाठीशी ठेवा, उघडी नको, चटका बसला तरी तिला सरकता येणार नाही. दर दीड-दोन तासांनी कूस बदला. डोळ्यांत ओलावा देणारे साधे थेंब घाला. आणि छातीची हालचाल बघून मिनिटाला श्वास किती ते मोजा, दहाच्या आसपास आले तर लगेच फोन करा. बाबा ७४ वर्षांचे आहेत. रात्रभर खुर्ची घेऊन तिच्याजवळ बसले आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर वेळ आणि श्वास लिहीत राहिले. १६, १८, १४, १६, २०. तो कागद अजून फ्रिजवर आहे.

शुक्रवारी सकाळी सातला तिने डोकं उचललं. ते सारखं डुलत होतं. मागचे पाय फरशीवर फाकत होते, कॉटच्या पायाला जाऊन धडकली. चादर दोनदा शूने भिजली होती. दुपारी दोनला उकडलेल्या चिकनचं चमचाभर पाणी चाटलं तेव्हा कुठे बाबा आंघोळीला गेले.

त्याच दिवशी पहिल्या दवाखान्यात जाऊन विचारलं तेव्हा ‘झायलाझिन आणि केटामिन’ असं तोंडी सांगितलं. शनिवारी दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते दाखवणारा आकडा) २.६. म्हणजे किडनी थकलेली आहे. मांजराच्या शरीरातून केटामिन बरंचसं किडनीवाटे जातं, म्हणून तिला इतका वेळ लागला असावा, त्यात अंग गार पडलं की सगळंच मंदावतं, असं ते म्हणाले.

आता माझे प्रश्न. किडनी अशी असताना भूल द्यावी का, की दात तसेच ठेवावेत? घरून गाबापेंटिन (मांजराला शांत करणारं औषध) देऊन नेलं तर इंजेक्शन कमी लागतं का? नाशिकमध्ये गॅसची भूल आणि सोबत मॉनिटर असलेला दवाखाना कुणी स्वतः पाहिलाय का? नाशिक रोड, इंदिरानगर, गंगापूर रोड, कुठेही चालेल, नाहीतर मुंबईला परळच्या जनावरांच्या दवाखान्यात न्यायची तयारी आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या की बाबांची झोपेची गोळी पाव तुकडा देऊन बघ. दिलेली नाही, पण असं कुणी करतं का?

प्रतिसाद

मी पशुवैद्य आहे, नाशिकचा नाही. आधी गोळीबद्दल: देऊ नका. झोपेसाठी देतात ती डायझेपामची गोळी पोटातून दिल्यावर काही मांजरांचं लिव्हर थोड्याच दिवसांत निकामी झाल्याची उदाहरणं आहेत. झायलाझिनने मांजर ओकतं हे इतकं ठरलेलं आहे की विष पोटात गेलं तर ओकवायलाही ते वापरतात. नाडी मंदावते, रक्तातली साखर वाढते, लघवी जास्त होते, अंग गार पडतं. तुम्ही लिहिलंत ते सगळं त्यात बसतं. त्यावर उतारा आहे, योहिम्बिन किंवा ॲटिपामेझोल. केटामिनला उतारा नाही, आणि त्यात डोळे उघडे राहतात म्हणून सुरुवातीलाच मलम घालायचं असतं. हे मिश्रण आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरलं जातं, तरण्या मांजराला बहुतेकदा निभावतं. म्हाताऱ्याला आधी रक्त तपासल्याशिवाय देऊ नये असं माझं मत. दात मात्र काढा. दुखऱ्या तोंडाने ती खायची बंद झाली तर ते भुलेपेक्षा वाईट. आयसोफ्लुरेन हा भुलेचा गॅस श्वासावाटेच बाहेर जातो, त्याचा भार किडनीवर फारसा नसतो. पण भुलेत बीपी पडू द्यायचं नाही, त्यासाठी सलाइन आणि सतत लक्ष हवं.

प्रतिसाद

आमच्या १३ वर्षांच्या बोक्याला गाबापेंटिन देतो, निघायच्या दोन-अडीच तास आधी. गाडीत ओरडत नाही, सुई टोचू देतो. घरी आल्यावर रात्रीपर्यंत झिंगल्यासारखा चालतो, म्हणून गॅलरीचं दार लावून घेतो आणि पलंगावर चढू देत नाही. हे औषधही किडनीतूनच जातं, तेव्हा तुमच्या ठकीला डोस कमी लागेल. डॉक्टरांना विचारूनच द्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. व्यक्तिगत निरोपातून एक पत्ता मिळाला. काल रिकाम्या हाताने जाऊन बघून आले. गॅसचं मशीन आहे, भूल चालू असताना एक माणूस फक्त नाडी, ऑक्सिजन आणि बीपी बघायला असतो, जनावर शुद्धीवर येऊन अंग गरम झाल्याशिवाय घरी सोडत नाहीत. औषधांची नावं, डोस आणि वेळ लिहून द्याल का, असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही न मागताच मिळेल. पुढच्या बुधवारी सकाळी नऊची वेळ दिलीय. आदल्या रात्रीपासून खाणं बंद, पाणी सकाळपर्यंत चालेल.

गाबापेंटिन ५० मिलिग्रॅम सांगितलंय, म्हणजे १००ची कॅप्सूल उघडून निम्मी पूड. ती कडू असते म्हणे. उपाशी न्यायचं म्हणजे खाण्यात मिसळता येणार नाही, फार तर चमचाभर चिकनचं पाणी चालेल असं सांगितलंय. काल नुसतं पाणी त्या चमच्याने देऊन पाहिलं तर तोंड फिरवून गेली. दुखऱ्या तोंडाच्या मांजरीला पूड कशी द्यायची, कुणाला जमलं असेल तर बुधवारच्या आत सांगा.