मॅकबेथची उजळणी: गाईड उघडायचं की नाटक?

तिसरी घंटा
परवा भाचीची उजळणी घेत होते. पेपरला चार दिवस, नाटक मॅकबेथ. विचारलं, लेडी मॅकबेथ कशी आहे? ताडकन उत्तर आलं: "निष्ठुर, महत्त्वाकांक्षी, नवऱ्याला पापाकडे ढकलणारी." म्हटलं, मग राजाला तिनेच का नाही मारलं? बाईसाहेब गप्प. दुसऱ्या अंकात ती स्वतःच सांगते, की झोपलेला डंकन माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच उरकलं असतं. ही ओळ गाईडात होती बरं का! पण 'महत्त्वाची अवतरणे'मध्ये. स्वभावचित्रणाचं पान वेगळं, अवतरणांचं वेगळं, आणि दोघांची गाठ कुणी घातलेलीच नाही.

शेक्सपियरच्या शोकांतिकांमध्ये हे सगळ्यात छोटं नाटक. एका बैठकीत मोठ्याने वाचून होतं. मग गाईड हवंच कशाला?

रात्रपाळी
एका बैठकीत? ज्याला ती चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी झेपते त्याने म्हणावं. मी नोकरी सांभाळून परीक्षा दिली. आधी नुसतं नाटक घेऊन बसलो आणि द्वारपालापाशी अडकलो. झिंगलेला माणूस नरकाच्या दाराचा पहारेकरी असल्यासारखा बडबडतोय, त्यात मध्येच कुणी दुटप्पी शपथा घेणारा येतो. काय संबंध? गाईडने चार ओळींत उलगडा केला: १६०५ मध्ये राजा जेम्सला पार्लमेंटसकट उडवून द्यायचा कट, त्या प्रकरणात पकडलेला पाद्री गार्नेट, दुअर्थी उत्तरांबद्दल त्याची झालेली बदनामी, १६०६ मध्ये फाशी. तेव्हाच्या प्रेक्षकाला हे ताजं होतं. मला कुठून कळणार?

तिसरी घंटा
टीपा असलेली आवृत्ती घ्या ना. त्याला माझी ना नाही. पण त्याच प्रवेशातलं दार ठोठावणं बघा. लहानपणापासून तो आवाज मनावर असा परिणाम का करतो हे कळेना, म्हणून इंग्रज निबंधकार डी क्विन्सीने १८२३ मध्ये त्यावर अख्खा निबंध लिहिला. भाचीच्या गाईडात त्या प्रवेशापुढे दोन शब्द: 'विनोदी विसावा'. संपलं.

रात्रपाळी
टीपा म्हणजे गाईडच की हो, फक्त बांधणी बरी.

घोकंपट्टी झिंदाबाद
मी नाटक आजतागायत वाचलेलं नाही. पास झालो. पुढचा विषय घ्या.

लाल शाई
पेपर तपासते, म्हणून बोलते. 'मॅकबेथ ही महत्त्वाकांक्षेची शोकांतिका आहे' हे वाक्य एकाच गठ्ठ्यात इतक्यांदा भेटतं, की पुढचं वाक्यही मला पाठ झालंय. एका मुलाने मात्र फक्त हात धुण्यावर लिहिलं होतं. खुनानंतर बाई म्हणते, जरासं पाणी लागलं की झालं; आणि पाचव्या अंकात झोपेत चालताना तीच म्हणते, अरबस्तानातली सगळी अत्तरं या हाताचा वास घालवणार नाहीत. अंकाचा नंबर चुकलेला, शुद्धलेखनाचा आनंद. तरी हात सैल सोडला मी.

पण तिसरी घंटा, उलटंही पाहिलंय. नाटकावर जीव असलेली मुलं सहा पानं गोष्ट सांगतात आणि प्रश्नाला हातही लावत नाहीत. गाईडवाला निदान विचारलंय त्याचं उत्तर देतो. हल्ली मला तर नुसती गोष्ट सांगणारा पेपर जास्त छळतो.

तिसरी घंटा
लाल शाई, हे माझ्या ध्यानात नव्हतं आलं. भाचीही गोष्टच सांगत बसणाऱ्यांपैकी आहे.

काल रात्री गाईड मिटून मेजवानीचा प्रवेश वाचला. ती मॅकबेथ, मी बाकीचे सगळे. त्यानेच मारेकरी घालून मारलेल्या बँकोचं भूत फक्त मॅकबेथलाच दिसतं, पाहुणे चपापतात, आणि बायको टोमणा मारते की हा तर राजाच्या खुनाआधी दिसलेला तुमचा तो हवेतला खंजीर! तिथे पोरगी थांबली. "मावशी, म्हणजे खंजिराचं त्याने तिला सांगितलं होतं? कधी?" रंगमंचावर तर कधीच नाही. मग तिनेच गाईड ओढलं. भूत 'अलौकिक घटक'मध्ये, खंजीर 'प्रतिमा'मध्ये, मध्ये अकरा पानं. दोन्हीकडे तिने पेन्सिलीने एकमेकांचे पान नंबर लिहून ठेवले.

रात्रपाळी
म्हणजे गाईड लागलंच ना शेवटी!