घरी इंडस्ट्रियल रॉक रेकॉर्ड करतोय, आवाज सुधारला पण गाणी पुढे सरकत नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी लालबागला राहतो, वय ४१, दिवसा अकाउंट्सची नोकरी. गेली सहा वर्षं घरीच इंडस्ट्रियल रॉक रेकॉर्ड करतोय. ज्यांनी हा प्रकार ऐकला नसेल त्यांच्यासाठी: गिटार, ड्रम मशीन, सिंथ आणि त्यांच्या जोडीला यंत्रांचे, पत्र्याचे, लोखंडाचे आवाज. थ्रॉबिंग ग्रिसल या ब्रिटिश बँडने १९७६ मध्ये इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स नावाचं लेबल काढलं, तिथून हे नाव रूढ झालं. सामान साधं आहे. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), एक गिटार, हेडफोन. अँप नाही, सगळं सिम्युलेटरवर. चाळीतली १८० चौरस फुटांची खोली, चार माणसं, त्यामुळे काम रात्री अकरानंतर.

प्लगिन (आवाज बदलणारी जोड-सॉफ्टवेअरं) सुचवू नका, ही आधीच विनंती. मागे एकदा दुसरीकडे विचारलं होतं तेव्हा सगळे त्यातच अडकले. आवाजाचं मी बरंच शिकलोय. डिस्टॉर्शनची गिटार दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात इतकी पसरते की शब्द बुडतात, तिथे ती थोडी कापली की गाणारा वर येतो. लॅमिंग्टन रोडवर पिएझोची चकती (कंपनं पकडणारा छोटा सेन्सर) किरकोळ पैशांत मिळते. ती खिडकीच्या गजाला चिकटवून साध्या लाइन इनपुटला जोडली तर नुसती किरकिर ऐकू येते, गिटारच्या हाय-झेड (जास्त इम्पिडन्सच्या) इनपुटला जोडली की खालचा भरणा येतो. हे कळायला मला चार महिने लागले आणि कळलं त्या रात्री झोप लागली नाही. हंडा, जिन्याचा कठडा, पाण्याचा पंप, सगळं रेकॉर्ड करून ठेवलंय.

पण पूर्ण झालेली नऊ गाणी परवा सलग ऐकली आणि पोटात खड्डा पडला. सगळी ड्रॉप डी (गिटारची सगळ्यात जाड तार खाली उतरवून), सगळी ११० ते १२० बीपीएम (मिनिटाला ठोके). आधी खडखडाटाचा लूप, आठ बारनंतर (बार म्हणजे चार ठोक्यांचा गट) गिटार, मग थरावर थर, शेवटी सगळं एकदम. पहिल्या गाण्यापेक्षा नववं स्वच्छ वाजतं, एवढाच फरक.

आता खरी अडचण. बाबा कापड गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे विणायच्या मागांवर; माग म्हणजेच साचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते, नंतर गिरणीत परत गेलेच नाहीत. माझा जन्म त्यानंतरचा. म्हणजे यंत्रांचं संगीत करणाऱ्या मी घरातलंच यंत्र कधी ऐकलेलं नाही. तीन महिन्यांपूर्वी एका रविवारी जेवताना विचारलं, बाबा, साचा वाजायचा कसा? त्यांनी ताट बाजूला केलं आणि दोन्ही हातांनी पाटावर वाजवून दाखवला. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा तुकडा, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी फोनवर रेकॉर्ड केलं. मोजलं तर मिनिटाला दोनशेच्या जरा खाली फटके, जाणं-येणं मिळून एक धरलं तर ९७ बीपीएम. डावा फटका मात्र किंचित उशिरा आणि जड. बाबा म्हणाले, प्रत्येक साच्याची चाल वेगळी असायची, जॉबर (साच्यांवर देखरेख करणारा मुकादम) लांबून नुसता आवाज ऐकून कुठला साचा बिघडलाय ते सांगायचा.

मी ते रीपरमध्ये घेतलं आणि हाताच्या सवयीने ग्रिडवर, म्हणजे अगदी समान अंतराच्या ठोक्यांवर, बसवलं. खाली किक ड्रम, वर गिटारचे चार थर. तासाभरात ते माझं दहावं गाणं झालं, आधीच्या नऊसारखंच. बाबांना हेडफोन दिला. त्यांनी पूर्ण ऐकलं, हेडफोन नीट घडी करून ठेवला आणि म्हणाले, "ह्यात साचा कुठाय?"

तेव्हापासून एक बारही पुढे गेलेलो नाही.

ज्यांनी ड्रम मशीनवर काम केलंय त्यांना विचारायचंय: डावा फटका उशिराच ठेवायचा तर बाकीची वाद्यं कशाला धरून वाजवायची? मी किक ग्रिडवर ठेवून पाहिली, दोन्ही एकमेकांशी भांडतात. गिटार सैल वाजवली तर यंत्राचा कडकपणा जातो. सगळा टेम्पो मॅपच (गाण्याच्या वेगाचा आराखडा) बाबांच्या हातावरून करावा का? आणि थर कमी कसे करता? एक थर काढला की मला गाणं उघडं पडल्यासारखं वाटतं, लगेच दुसरा घालतो. आइनस्टुर्त्सेन्डे नॉयबाउटेन हे लोक १९८० पासून पश्चिम बर्लिनमध्ये भंगारातलं लोखंड आणि ड्रिल वाजवायचे, पण त्यांच्याकडे लोखंड वाजून गेल्यावरची शांतता पण ऐकू येते. माझ्याकडे ती कधीच नसते.

शब्दांचंही विचारतो. ते लोक मुख्यतः जर्मनमध्ये गायले, मी मात्र आजवर इंग्रजीत ओरडत आलोय. हे गाणं इंग्रजीत होणार नाही एवढं नक्की. पण मराठी ओळीतला शेवटचा अ ओढला की भावगीत होतं आणि तोडला की मोर्च्यातली घोषणा. ट, ड, ळ डिस्टॉर्शनमध्ये सुरेख चावतात, स्वरांचं काय करायचं ते सुचत नाही. कोणी मराठीत असं गायलंय का?

अपडेट: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. "टेम्पो मॅप करू नकोस, क्लिकच (ठेका देणारी टिकटिक) बंद कर आणि बाबांच्या रेकॉर्डिंगवर एका दमात गिटार वाजव" हे काल रात्री करून पाहिलं. पहिली दोन मिनिटं ऐकवत नाहीत, नंतरचे वीसेक सेकंद मात्र मी आजवर वाजवलेल्या कशासारखेच नाहीत. ते जपून ठेवलेत, त्यांवर काही चढवणार नाही.

दुसऱ्या एकांनी भिवंडीतला ओळखीचा कारखाना सांगितलाय, तिथे अजून धोट्याचे साचे चालतात. मालक हो म्हणालेत, येत्या रविवारी बाबांना घेऊन जातोय. ते सकाळपासून दोनदा गाडीची वेळ विचारून गेले. शेडमधल्या आवाजात फोनचा माइक नक्की फाटणार, म्हणून पिएझो नेतो. ती साच्याच्या सांगाड्याला लावू की जिथे धोटा येऊन आदळतो त्या पेटीला? चालू साच्याजवळ हात घालायचा नाही हे माहीत आहे, बंद असतानाच चिकटवीन. वायर किती लांब चालेल तेही सांगा, माझ्याकडे तीन मीटरची आहे.