मास्तरांनी अवांतर वाचलेलं वर्गात आणावं का?

खाडीकाठची बाई
दापोली तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे, सहावी-सातवी. गेल्या पावसात लाईट जायची तेव्हा बॅटरीवर महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं 'आत्मवृत्त' वाचून काढलं, १९१५ चं पुस्तक. सहावीच्या परीक्षेसाठी लहानपणी कर्वे दापोलीजवळच्या मुरुडहून साताऱ्याला चालत गेला, कुंभार्ली घाट चढून, आणि तिथे साहेब म्हणाले वय सतराचं दिसत नाही, बसता येणार नाही. वर्गात सांगितलं तर सगळे चिडीचूप, मग मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "बाई, मग ते परत पण चालतच आले?" माझाच गळा दाटला.

मग चरी गावच्या शेतकरी संपाबद्दल वाचलं. अलिबागच्या खारेपाटातल्या कुळांनी १९३३ ते ३९ जमिनी ओस ठेवल्या, उपाशी राहिले पण खोतासाठी, म्हणजे सरकारचा सारा गोळा करणाऱ्या गावच्या वतनदारासाठी, नांगर धरला नाही. मुलांना म्हटलं, घरी विचारा आपला खोत कोण होता. एकाचे आजोबा दुसऱ्या दिवशी स्वतः शाळेत आले, म्हणाले, "पयलं भात खोताच्या खळ्यात जायचं, उरलं तर आमच्या घरात." आता स्टाफमध्ये ऐकवतात की वाचायचं ते घरी वाचा, वर्गात पुस्तकातलं घ्या. मला हे अजिबात पटत नाही.

राजापूरचा सर
बाई, वाचता हे चांगलंच आहे पण माझ्याकडे दोन शिक्षक आणि पाच वर्ग आहेत. सकाळी पोषण आहाराची नोंद, दुपारी ऑनलाईन माहिती, त्यात स्कॉलरशिप आणि नवोदयची तयारी. पोरांना भागाकार येत नाही आणि मी खोती सांगत बसू? पालक मला त्याचाच जाब विचारतात, आणि बरोबर विचारतात.

गुहागरी
माझा मुद्दा वेगळा आहे. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. आज खोतांचा पणतू आणि कुळाचा पणतू एकाच बाकावर डबा खातात, त्यांना कशाला सांगायचं तुझ्या पणजोबाने याच्या पणजोबाला लुबाडलं? जमिनीचे दावे अजून कोर्टात आहेत आमच्याकडे. पोर घरी जाऊन बोललं की शाळेत भांडण येतं, आणि बदली होऊन शिक्षक निघून जातो, गाव तिथेच राहतो.

खाडीकाठची बाई
@गुहागरी दादा, भीती खरी आहे. पण खोत काही एका जातीचे नव्हते, ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमान पण होते, हे मी वर्गात आधी सांगते. आंबेडकरांनी १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं ते पद्धतीविरुद्ध, कुणाच्या पणतूविरुद्ध नाही. सर, भागाकाराचं म्हणाल तर खंडीभर, म्हणजे वीस मण, भातातलं अर्धं खोताला गेलं तर कुळाकडे किती मण उरलं, हे गणित माझ्या पोरांनी अर्ध्या तासात केलं, आणि खंडी म्हणजे किती ते आजीला विचारून आली. फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर कमिशनला सांगितलं होतं की प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि त्यात शेतीची माहिती द्या. एवढी वर्षं झाली, आपण अजून तिथेच अडलोय.

अलिबागची आई
माझं सासर चरीच्या जवळच. संपाची गोष्ट मला लग्नानंतर सासूबाईंनी सांगितली, शाळेत कुणीच नाही. बाई, थांबू नका.

जुना ग्रंथपाल
सांगायला हरकत नाही, पण एका पुस्तकावर इतिहास उभा करू नका. आत्मवृत्त ही एका माणसाची म्हातारपणीची आठवण आहे, आजोबांचं बोलणं पण आठवणच. कागद दाखवा, नाहीतर पोरांना वाटेल छापलं म्हणजे खरं.

खाडीकाठची बाई
हे मान्य, हे माझ्याकडून राहिलंच. तलाठी ऑफिसात जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर गेली त्या नोंदी, बघायला अर्ज करते. कुणाच्या घरी खोताला दिलेल्या भाताची पावती असेल तर, नाव झाकून का होईना, फोटो टाका. मोडी असली तरी चालेल, सातवीतल्या एकीच्या आजोबांना मोडी वाचता येते.

राजापूरचा सर
ते खंडीचं गणित पाठवा जरा.