वाड्याच्या जोत्यात मिळालेल्या शिवराया आणि ट्रंकेतील सैनिकी पदके : स्वच्छ करावीत की आहेत तशीच ठेवावीत?

जुने_नाशिक (प्रश्नकर्ता)

नमस्कार. जुन्या नाशकातील आमचा वडिलोपार्जित वाडा पुन्हा बांधण्यासाठी उतरविण्याचे काम सुरू असून त्यात दोन गोष्टी हाती आल्या आहेत. माळ्यावरील पत्र्याच्या ट्रंकेत काही राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे मुख असलेले चांदीचे) रुपये आणि तीन सैनिकी पदके निघाली. त्यांपैकी एक चांदीचे गोल पदक असून त्याच्या एका बाजूस पंचम जॉर्ज बादशहाचे मुख व दुसऱ्या बाजूस घोडेस्वार आणि 1914-1918 ही साले आहेत. दुसरे तांबूस असून त्यावर पंख असलेली स्त्री आहे व त्याची फीत इंद्रधनुष्यी रंगांची आहे. या दोन्हींच्या काठावर इंग्रजी अक्षरांत क्रमांक, 'सेपॉय' (शिपाई) हा हुद्दा, आमच्या पणजोबांचे नाव आणि '110 मराठाज' असा मजकूर कोरलेला आहे. तिसरे सहा टोकांच्या चांदणीच्या आकाराचे असून ते 'बर्मा स्टार' आहे आणि ते आजोबांचे असावे.

जोत्याची भिंत काढताना एका फुटक्या मडक्यात तांब्याची नाणी सापडली. ती एकमेकांना चिकटलेली असून काहींवर हिरवट थर आहे, तर काहींवर 'श्री राजा शिव' ही अक्षरे वाचता येतात, म्हणजे त्या शिवराया (मराठेशाहीतील तांब्याची नाणी) असाव्यात.

थोरल्या काकूंचे म्हणणे असे की, सर्व वस्तू चिंचेने घासून लखलखीत कराव्यात आणि दसऱ्याला पूजेत ठेवाव्यात. चुलत भावांना पदके काचेच्या चौकटीत बसवून हवी आहेत व नाणी चौघांत वाटून घ्यावीत असे त्यांचे मत आहे. सराफ बाजारात चौकशी केली असता रुपयांना केवळ चांदीच्या वजनाचा भाव सांगण्यात आला. या वस्तू कशा स्वच्छ कराव्यात, कशा ठेवाव्यात आणि त्यांची वाटणी करणे योग्य होईल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नाणेसंग्राहक_गंगापूररोड

नमस्कार. आपण घासण्यापूर्वी विचारले, हे फार चांगले झाले. काकूंची भावना आदराची आहे आणि पूजेत वस्तू ठेवण्यास कोणतीच हरकत नाही. परंतु चिंच, लिंबू, रांगोळी, दंतमंजन, भांडी घासण्याची पूड आणि सराफाकडील चांदी उजळविण्याचे द्रावण यांपैकी काहीही या वस्तूंना लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्याचे कारण धातूच्या स्वभावात आहे. चांदीवर येणारा काळा थर म्हणजे हवेतील गंधकाशी संयोग होऊन तयार झालेले सिल्व्हर सल्फाइड होय. तो थर मूळ चांदीचाच बनलेला असतो, त्यामुळे तो काढला की नाण्याच्या पृष्ठभागाचा तेवढा भाग कायमचा जातो. टांकसाळीतून निघताना नाण्यावर जी नैसर्गिक चकाकी असते, ती दाबाने वाहिलेल्या धातूच्या अतिसूक्ष्म रेषांमुळे येते. घासल्यावर त्या रेषा पुसल्या जातात आणि मागे उरते ती भांड्यासारखी सपाट चमक, जी कोणताही संग्राहक दुरूनही ओळखतो. आपले राणीछाप रुपये 1862 सालचे असतील तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 1862 हे साल पुढे 1874 पर्यंत तसेच छापले जात राहिले आणि त्या नाण्यांचे प्रकार ओळखण्यासाठी मागील बाजूवरील बारीक ठिपके मोजावे लागतात. असे ठिपके घासण्याने सर्वांत आधी झिजतात. त्या रुपयाचे मूळ वजन 11.66 ग्रॅम व चांदी 91.7 टक्के असते. सराफाने वजनाचा भाव सांगितला तो त्याच्या व्यवसायाला धरूनच आहे, पण संग्राहकाच्या दृष्टीने प्रकार आणि स्थिती पाहिल्याशिवाय त्यांची किंमत ठरविता येत नाही.

तांब्याच्या नाण्यांबाबत हिरव्या रंगाचे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. गुळगुळीत, कठीण, गडद हिरवा किंवा तपकिरी थर हा नाण्याचे संरक्षण करतो व त्याला हात लावू नये. याउलट फिकट हिरव्या रंगाची, भुकटीसारखी, लाकडी टोकाने खरवडल्यास गळून पडणारी पुटकुळी दिसली तर तो क्लोराइडमुळे लागलेला रोग असतो. मातीतील क्षार तांब्यात शिरलेले असतात आणि दमट हवा मिळाली की ते धातू आतून खात जातात. अशी नाणी ताबडतोब बाजूला काढून कोरडी ठेवावीत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा काळ त्यांना विशेष घातक असतो, म्हणून हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्या अधूनमधून बदलाव्यात. चिकटलेली नाणी ओढून वेगळी करू नयेत. साधी माती असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात भिजवून, पाणी बदलत राहून, दात कोरण्याच्या लाकडी काडीने हळूहळू सोडवावी. नळाचे पाणी वापरू नये, कारण त्यातही क्लोरीन असते. त्यापुढचे रासायनिक उपचार घरी न करता धातूसंवर्धनाच्या जाणकाराकडूनच करून घ्यावेत.

नाणे नेहमी काठाला धरावे, तेही खाली मऊ कापड अंथरलेल्या टेबलावर. बोटांतील घाम व तेल यांचा ठसा तांब्यावर काही महिन्यांनी ठळक उमटतो आणि मग तो जात नाही. बाजारात मिळणारे मऊ, वास येणारे प्लास्टिकचे पाऊच पीव्हीसीचे असतात आणि त्यातून झिरपणाऱ्या द्रव्यामुळे नाण्यांवर चिकट हिरवट लेप चढतो. त्याऐवजी पॉलिएस्टरची पाकिटे घ्यावीत. रबरबँड, लोकरीचे कापड आणि मखमलीची डबी टाळावी. रबर व लोकर यांतून गंधक सुटते.

तोफखाना_निवृत्त (देवळाली कॅम्प)

नमस्कार. वरील उत्तर धातूच्या बाजूने परिपूर्ण आहे. मी पदकांविषयी लिहितो, कारण त्यांचे मोल धातूत फार थोडे असते.

आपल्या पणजोबांचे चांदीचे पदक म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल आणि इंद्रधनुष्यी फितीचे म्हणजे व्हिक्टरी मेडल. पहिल्या महायुद्धात लढलेल्या हिंदी शिपायाला ही जोडी मिळत असे, तर मजूर व हमाल पथकांतील लोकांना तेच वॉर मेडल कांस्यात दिले गेले. या पदकांचे सगळे सत्त्व त्यांच्या काठावर असते. क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण या चार गोष्टी तेथे नसत्या तर आपले पदक आणि दुसऱ्या कोणत्याही घरातील पदक यांत काहीच फरक उरला नसता. वर्षानुवर्षे ब्रासो हे धातू चमकविण्याचे पॉलिश लावून चमकविलेल्या पदकांच्या काठावरील अक्षरे इतकी झिजलेली असतात की नाव वाचता येत नाही. 1979-80 मध्ये चांदीचा भाव भडकला तेव्हा अशी असंख्य वॉर मेडल्स वितळविली गेली; आपल्या घरातील पदक आज नावासकट हातात आहे, ही मोठी गोष्ट आहे.

110 मराठा लाइट इन्फंट्री ही पलटण मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. डिसेंबर 1915 पासून कुत-अल-अमारा येथे तिला वेढा पडला आणि 29 एप्रिल 1916 रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करली. 1922 च्या पुनर्रचनेत ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. आता आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाची बाब अशी की, 1915 च्या अखेरीपर्यंत युद्धभूमीवर पोहोचलेल्या सैनिकाला या जोडीखेरीज '1914-15 स्टार' हे कांस्याचे तिसरे पदकही मिळत असे आणि त्यावरील नाव काठावर नसून मागच्या बाजूला कोरलेले असते. आपल्या ट्रंकेत ते नाही. याचा अर्थ पणजोबा 1916 मध्ये किंवा त्यानंतर युद्धभूमीवर पोहोचले, किंवा ते वेढ्यात होते आणि स्टार हरवला, असे दोन्ही संभवते. म्हणून ट्रंकेतील एकही कागद, पाकीट किंवा कापडाचा तुकडा फेकू नका. पेन्शनचे पुस्तक, पलटणीचे डिस्चार्ज प्रमाणपत्र, जुने छायाचित्र किंवा फितीचा वेगळा तुकडा यांवरून हा प्रश्न सुटू शकतो. वाड्याच्या राडारोड्यातही एकदा नजर टाकावी.

बर्मा स्टारवर मागे नाव आहे का ते पाहावे. दुसऱ्या महायुद्धातील स्टार ब्रिटिश सैनिकांना नावाविना दिले जात. हिंदी सैनिकांच्या स्टारवर मात्र बहुधा नाव कोरलेले असते. नाव सापडले तर ते आजोबांचे असल्याविषयी शंका उरणार नाही.

फिती धुऊ नका. रेशमी फीत पाण्याने आक्रसते आणि रंग पसरतो. जीर्ण झाली असली तरी मूळ फीतच ठेवावी; प्रदर्शनासाठी हवी असल्यास त्याच रंगांची नवी फीत वेगळी घ्यावी आणि जुनी कागदात गुंडाळून पदकासोबतच ठेवावी.

अभ्यासक_त्र्यंबकरोड

मडक्यातील नाण्यांबाबत दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते, कारण त्यात कायद्याचाही भाग आहे. 1878 च्या इंडियन ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जमिनीत किंवा जमिनीशी जोडलेल्या बांधकामात दडवलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास ती सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. जोत्याची भिंत या व्याख्येत येते. ट्रंकेतील वस्तू घरातीलच आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. वाटणी करण्याआधी कळविणे हे आपल्याच हिताचे आहे, कारण मूळ मालकी सिद्ध करण्याची संधी त्या प्रक्रियेतच मिळते. शिवाय शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. ती परदेशी पाठविता येत नाहीत, म्हणून परदेशातील कोणा नातेवाइकाला त्यातले नाणे भेट म्हणून देऊ नये.

यापेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते हे की, ती नाणी एकत्र सापडली आहेत आणि एकत्रच अभ्यासली जावीत. आपल्याच जिल्ह्यातील जोगलथेंबी येथे 1906 साली क्षहरात वंशातील राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा 13,000 हून अधिक नगांचा साठा मिळाला. त्यांपैकी 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा उमटविलेला होता. सातवाहनांनी नहपानाचा पराभव करून त्याचेच चलन आपल्या नावाने चालविले, हे या साठ्यावरून जे ठामपणे कळले, ते सुटे नाणे कितीही सुंदर असते तरी कळले नसते; कारण साक्ष होती ती संख्येची आणि प्रमाणाची. नाशिकच्या पांडवलेण्यातील दहाव्या लेण्याच्या कोरीव लेखात नहपानाचा जावई उषवदात याने दिलेल्या 70,000 कार्षापणांचा (चांदीच्या नाण्यांचा) आणि एका सुवर्णास (सोन्याच्या नाण्यास) 35 कार्षापण या दराचा उल्लेख आहे. लेख आणि साठा शेजारी ठेवून वाचावेत असा योग फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला येतो.

आपले मडके अर्थातच लहान आहे. तरीही त्यातील शिवरायांपैकी किती जुन्या वळणाच्या आणि किती मधोमध दोन आडव्या रेषा असलेल्या, म्हणजे दुदांडी, आहेत, सर्वांत नवे नाणे कोणते आहे, त्यात एखादा कंपनी सरकारचा पैसा मिसळला आहे का, यावरून ते मडके साधारण केव्हा पुरले गेले हे ठरविता येईल आणि वाड्याच्या बांधणीचा काळही त्यावरून अजमावता येईल. म्हणून प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी मोजपट्टीसह छायाचित्र घ्यावे, वजन नोंदवावे आणि मडक्याची खापरेही जपावीत. अंजनेरी येथे डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या मार्गदर्शनाखाली उभी राहिलेली नाणेशास्त्र संशोधन संस्था आपल्या दारातच आहे. तेथील अभ्यासकांना ही नाणी जरूर दाखवावीत.

जुने_नाशिक (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घासण्याचा बेत रद्द झाला आहे. काकूंना काठावरचे नाव भिंगातून दाखविले तेव्हा त्यांनी स्वतःच चिंचेचा आग्रह सोडला. जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावयाचा अर्ज तयार करीत आहोत. आता दोन शंका उरल्या आहेत. ट्रंकेत आणखी एक तांब्याचे नाणे निघाले असून त्यावर राम, सीता, लक्ष्मण व हनुमान आणि मागे 'ईस्ट इंडिया कंपनी 1818' असे आहे. आम्ही पंचवटीजवळचे असल्याने ते घरात पूज्य मानले जात होते आणि एका व्यक्तीने दूरध्वनीवरून त्याला लाखो रुपये देऊ केले, मात्र आधी नोंदणी शुल्क मागितले. दुसरी शंका चौकटीविषयी आहे.

नाणेसंग्राहक_गंगापूररोड

ते नाणे चलन नव्हे. कंपनी सरकारने राम, सीता, लक्ष्मण व हनुमान यांची चित्रे असलेली अशी तांब्याची नाणी कधीच पाडली नाहीत आणि कंपनीचे सर्व प्रांतांसाठीचे एकसारखे चलन 1835 साली सुरू झाले. हे पुढच्या काळात भाविकांसाठी तयार केलेले टोकन आहे. देवघरात ते अवश्य ठेवावे, पण त्यासाठी कोणालाही एक पैसा देऊ नये. नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि आपण त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलेले आहे.

तोफखाना_निवृत्त (देवळाली कॅम्प)

चौकटीसाठी आम्लरहित पुठ्ठा वापरण्यास कारागिराला आवर्जून सांगावे. पदक गोंदाने किंवा दुहेरी चिकटपट्टीने चिकटवू नये. फितीच्या मागच्या बाजूने सुती दोऱ्याचे सैल टाके घालून ते पुठ्ठ्याला बांधावे, म्हणजे केव्हाही सोडविता येईल. काच पदकाला टेकू नये, एवढी जागा आत असावी. प्लायवूडमधून आम्लयुक्त वाफ सुटते, म्हणून पाठीला प्लायवूड नको. पश्चिमेच्या भिंतीवर किंवा खिडकीसमोर चौकट लावल्यास फितीचे रंग काही वर्षांत विटतील. आतल्या खोलीतील सावलीची भिंत निवडावी.

वाटणीविषयी माझे मत स्पष्ट आहे. पणजोबांची जोडी फोडू नये, कारण एका माणसाला मिळालेली पदके वेगवेगळ्या घरांत गेली की पुढच्या पिढीला त्यांचा परस्परसंबंध जुळविता येत नाही. एका घरात मूळ पदके आणि कागद एकत्र राहावेत, तिथे कोण सांभाळणार हे भावंडांनी लेखी ठरवावे आणि उरलेल्या तिघांनी काठावरील मजकुरासह उत्तम छायाचित्रे काढून चौकटीत लावावीत. चौकटीच्या मागे पणजोबांचे पूर्ण नाव, गाव, क्रमांक व पलटण देवनागरीत लिहून ठेवावी, कारण काठावरची ती इंग्रजी अक्षरे घरातील प्रत्येकाला वाचता येतीलच असे नाही.