रस्त्यात कोणी अंगावर आलं तर : निघायचं की भिडायचं?

काळापट्टा (ठाणे)
अकरा वर्षं कराटे शिकवतोय. गेल्या महिन्यात घोडबंदर रोडला सिग्नलवर माझ्या स्कूटरचा आरसा एका गाडीला घासला. दोघं उतरले. एकाने कॉलर धरली, दुसरा माझ्या मागे जाऊन उभा राहिला. कॉलर सोडवायचे चार प्रकार मी दर शनिवारी मुलांना शिकवतो, त्यातला एकही आठवला नाही. कानात नुसता सूं आवाज आणि समोरच्याच्या तोंडापलीकडचं काही दिसेना. दोन्ही तळहात छातीसमोर उघडे धरले आणि "दादा, चूक माझी, भरून देतो" एवढंच बोललो. पाचशे रुपयांत मिटलं. नंतर स्कूटरची किल्ली भोकात जाईना, इतके हात कापत होते.

तेव्हापासून मी ठाम झालोय. क्लासात जोडीदार मनगट धरतो आणि आपला डाव होईपर्यंत धरूनच ठेवतो. रस्त्यावरचा माणूस ढकलतो, ओढतो, दुसऱ्या हाताने मारतो. खाली मॅट नसते. फुटपाथच्या कडेवर डोकं आपटलं तर एका ठोशात माणूस जातो. आपलं डोकं असेल तर आपण गेलो, त्याचं असेल तर आपल्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा. चाकू हिसकावून घ्यायचा डाव तर मी शिकवायचाच बंद केला. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्येच लिहिलं होतं, की चाकू घेतलेला माणूस २१ फुटांवरून साधारण दीड सेकंदात अंगावर येतो. मोबाइल मागितला, देऊन टाका. शिवी दिली, ऐकून घ्या आणि तिथून निघा.

लाल_माती
सर, राग मानू नका, पण चूक तुमच्या सरावात आहे आणि निष्कर्ष तुम्ही सगळ्यांसाठी काढताय. कोल्हापूरला तालमीत सहा वर्षं काढली. तिथे रोज आपल्यापेक्षा दहा-वीस किलोने जड गडी खरोखर पाडायला बघतो. पडायचं कसं, मानेवरची पकड कशी सोडवायची, हे अंगात मुरतं, आठवावं लागत नाही. तुमच्या क्लासात कुणी खरा जोर लावला असता तर त्या दिवशी हात असे कापले नसते. पाचशे देऊन सुटलात, पण त्या दोघांना आता कळलं की कॉलर धरली की पैसे मिळतात.

शेवटची_कर्जत
"निघा" म्हणताय, पण चालत्या लोकलमधून निघायचं कुठे? तुमचा सल्ला ज्याला पाकीट हवंय त्याच्यापुरता आहे. आमच्या अंगावर येणाऱ्याला पाकीट नको असतं.

रात्री लेडीज डब्यात आम्ही तिघी होतो, त्या दोघी पार पलीकडच्या टोकाला. गाडी सुटता सुटता एक जण चढला आणि माझ्यासमोर येऊन बसला. मी उठले, साखळीपाशी गेले आणि पोटातून ओरडले, "ए! खाली उतर!" त्या दोघी धावत आल्या. तो दारात जाऊन उभा राहिला आणि पुढच्या स्टेशनला उतरून गेला. मिरीचा स्प्रे? होता की, पर्सच्या तळाशी, जेवणाच्या डब्याखाली.

तो आवाज मला एका शिबिरात शिकवला होता. पहिले काही दिवस तो निघतच नव्हता. लहानपणापासून "हळू बोल" ऐकलेल्या बाईच्या गळ्यातून ओरडणं काढायला मेहनत लागते. लाल_माती, तुमची सहा वर्षं तुमच्या कामी येतील. मला मात्र आठ दिवसांत जमेल असंच काहीतरी हवं होतं. आणि १५१२ हा रेल्वे पोलिसांचा नंबर प्रत्येकीने मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

कोर्टकचेरी
कायद्याचं बघू. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय, की हल्ला झालेल्या माणसाने भेकडासारखं पळून जावं अशी कायद्याची अपेक्षा नाही. म्हणजे पळणं बंधनकारक नाही. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. बलात्कार किंवा ॲसिड हल्ला होईल अशी रास्त भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो हक्क टिकतो.

पण बचावाला लागते त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि धोका संपला की हक्कही संपला. तो पाठ फिरवून निघाल्यावर मारलेली एक लाथ तुम्हाला आरोपी करते. बघ्यांचं मोबाइल शूटिंग बहुतेक वेळा त्याच लाथेपासून सुरू होतं.

काळापट्टा (ठाणे)
लोकलबद्दल मी चुकलो, मान्य. पण लाल_माती, अंबोली आठवा. २० ऑक्टोबर २०११, अंधेरी. मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला कीनन सँटोस आणि रूबेन फर्नांडिस यांनी अडवलं. तो गेला आणि साथीदार, हत्यारं घेऊन परत आला. कीनन त्याच रात्री गेला, रूबेन ३१ तारखेला. २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली, पण पोरं गेली ती गेलीच. पहिली झटापट आपण जिंकलो असं वाटतं, तेव्हाच तिथून हलायला हवं. तो परत येणार हे धरून चालायचं.

लाल_माती
म्हणजे त्यांनी गप्प बसायला हवं होतं? त्या रात्री आजूबाजूला माणसं होती, ती बघत उभी राहिली. दहा जण पुढे झाले असते तर? "निघा, निघा" शिकवून आपण तेच बघे तयार करतोय.

काळापट्टा (ठाणे)
गप्प बसा असं मी म्हणणार नाही. अडवलं ते बरोबरच केलं. अडवल्यावर मैत्रिणींना घेऊन तिथून निघायचं आणि ११२ लावायचा, एवढंच म्हणतोय.

शेवटची_कर्जत
आणि बघ्यांना काम नेमून द्यायचं. "कोणीतरी वाचवा" म्हटलं की कोणी हलत नाही. "ओ निळा शर्ट, तुम्ही पोलिसांना फोन लावा" म्हटलं की निळा शर्टवाला खिशात हात घालतो. हे मी दादर पुलावर करून बघितलंय.

काळापट्टा (ठाणे)
या शनिवारी पहिली वीस मिनिटं फक्त ओरडायचा सराव ठेवतोय. लाल_माती, तुमच्या ओळखीचा एखादा गडी ठाण्यात असेल तर पाठवा, मुलांची कॉलर जरा खऱ्या जोराने धरायला. चाकूचा डाव मात्र मी शिकवणार नाही.