‘गोट’: लहान चणीचा बोकड मोठ्यांच्या खेळात टिकणार तो कशाच्या जोरावर?

उंबरठा (चर्चाप्रस्ताव):
सोनी पिक्चर्स ॲनिमेशनच्या ‘गोट’ या चित्रपटाच्या अमेरिकेतील प्रदर्शनाची तारीख 13 फेब्रुवारी 2026 आहे; हे मी त्याआधी, केवळ झलका पाहून लिहीत आहे. ‘रोअरबॉल’ नावाचा, बास्केटबॉलसारखा पण अंगाला अंग भिडवून खेळायचा एक खेळ आहे, त्यावर आजवर धिप्पाड आणि हिंस्र प्राण्यांचीच मक्तेदारी आहे आणि विल नावाच्या एका लहानशा बोकडाला त्यातल्या व्यावसायिक संघात अनपेक्षितपणे संधी मिळते, एवढे कथासूत्र झलकांमधून समजते. दिग्दर्शक टायरी डिलिहे आहेत. निर्मात्यांमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, विख्यात खेळाडू स्टीफन करी असून, एका जिराफाला त्याने आवाजही दिला आहे. एनबीएतल्या निवडक नामवंत खेळाडूंचा ऑल-स्टार सामना त्याच आठवडाअखेरीस लॉस एंजेलिसजवळ व्हायचा आहे, हा अर्थातच योगायोग नव्हे.

माझा आक्षेप असा, की या जातीच्या चित्रपटांत जिद्द हेच सर्व प्रश्नांचे उत्तर असते आणि करीची स्वतःची कारकीर्द नेमके याच्या उलट सांगते. एनबीएत तीन गुणांची रेषा 1979-80 च्या हंगामात आली. बास्केटपासून 23 फूट 9 इंचांवर (कोपऱ्यांत 22 फुटांवर) आखलेल्या या रेषेबाहेरून चेंडू टाकला, तर दोनऐवजी तीन गुण मिळू लागले, आणि बास्केटखालच्या गर्दीत उंच खेळाडूंशी धक्काबुक्की न करताही सामना जिंकून देण्याची वाट सहा फूट दोन इंचांच्या माणसाला मोकळी झाली. करीने 2015-16 च्या एकाच हंगामात असे 402 शॉट यशस्वी केले. त्याची मेहनत मी नाकारत नाही. पण ती रेषा नसती, तर तीच मेहनत दोन-दोन गुणांनीच मोजली गेली असती. ‘रोअरबॉल’मध्ये अशी एखादी रेषा आहे की नाही, हे पटकथेने दाखवले नाही, तर मुलांच्या पदरी केवळ घोषवाक्य पडेल.

मधली सुट्टी:
आपण आठ वर्षांच्या प्रेक्षकाकडून निवड समितीच्या सदस्याची अपेक्षा करत आहात. त्या वयाच्या मुलाच्या जगात प्रत्येक मोठा माणूस गेंडाच असतो. दाराची कडी हाताला लागत नाही, बसमधला दांडा धरता येत नाही आणि मैदानावर मोठी मुले ‘तू लिंबूटिंबू’ म्हणून त्याला बाजूला काढतात. लहान प्राण्याची गोष्ट त्याला भिडते ती यामुळे. व्यावसायिक खेळाडू होण्याचा त्याचा बेत असतो म्हणून नव्हे. शिवाय, केवळ झलक पाहून पटकथेवर खटला भरणे मला घाईचे वाटते.

पॅसिफिक वेळ:
मी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहते आणि माझी मुलगी शाळेबाहेरच्या एका संघात बास्केटबॉल खेळते. येथे जिद्दीचा तुटवडा मुळीच नाही. तुटवडा आहे तो संघाचे शुल्क भरण्याच्या ऐपतीचा आणि शनिवार-रविवार दूरदूरच्या सामन्यांना गाडी हाकत नेणाऱ्या पालकांच्या वेळेचा. करीच्या बाबतीत रेषेइतकेच महत्त्व मी त्याच्या घराला देईन. त्याचे वडील डेल करी स्वतः एनबीएत सोळा हंगाम खेळले होते. शाळेत असताना स्टीफन चेंडू कमरेजवळून वर उचलून टाकत असे, आणि त्यामुळे उंच खेळाडू तो सहज अडवू शकले असते. वडिलांनी एका उन्हाळ्यात त्याची ती सगळी पद्धत मोडून, चेंडू डोक्यावरून सोडण्याची नवी पद्धत त्याच्याकडून घोटून घेतली. कित्येक आठवडे त्याला लांबून एकही शॉट धड टाकता येत नव्हता, असे त्याने स्वतःच सांगितलेले आहे. चुका करण्यासाठी एक अख्खा उन्हाळा आणि त्या सुधारायला घरातच व्यावसायिक खेळाडू, हे भाग्य किती मुलांना लाभते? मोठ्या महाविद्यालयांनी त्याला शिष्यवृत्ती नाकारली आणि तो डेव्हिडसनसारख्या लहान महाविद्यालयात गेला, हे खरेच आहे. पण त्याला ‘उपेक्षित’ म्हणताना माझी जीभ अडखळते.

साडेतीन हात:
या चर्चेत मग्सी बोग्ज यांचे नाव अद्याप कसे आले नाही, याचे आश्चर्य वाटते. उंची पाच फूट तीन इंच, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच वर्गांतही पुढच्या रांगेत बसावे लागेल अशी; आणि तरीही ते एनबीएत चौदा हंगाम खेळले. ते बॉल्टिमोरच्या गरीब वस्तीतून आले होते आणि त्यांचे वडील काही एनबीए खेळाडू नव्हते, त्यामुळे ‘पॅसिफिक वेळ’ यांचा मुद्दा येथे लागू होत नाही. लांबून शॉट टाकण्यात ते कधीच निष्णात नव्हते, म्हणजे ‘उंबरठा’ यांची रेषाही त्यांच्या कामी आली नाही. ते चेंडू इतका खाली टप्पे देत नेत, की तो हिसकावण्यासाठी सात फुटी माणसाला अक्षरशः दुमडावे लागे, आणि तो दुमडेपर्यंत बोग्ज पुढे निघून गेलेले असत. उंच खेळाडू बेसावधपणे टप्पा देऊ लागला, की खालून हात घालून चेंडू पळवण्यातही त्यांचा हातखंडा होता. थोडक्यात, त्यांचा बुटकेपणा हेच त्यांचे हत्यार होते.

आणखी एक गोष्ट. शार्लटच्या संघात बोग्ज आणि डेल करी अनेक वर्षे सोबत खेळले. म्हणजे इतरांना अशक्य वाटणारी गोष्ट लहानग्या स्टीफनच्या डोळ्यांसमोर दररोज, अगदी सहजपणे घडत होती. आपल्यासारखाच कोणी तेथे खेळताना दिसणे ही मदत रेषेपेक्षा आणि पैशापेक्षा लहान नाही, आणि पडद्यावरचा बोकड निदान तेवढे तरी करू शकतो.

खूरमुद्रा:
मुळात बोकडाला दुबळा कोणी ठरवले? इटलीतील चिंजिनो धरणाच्या जवळजवळ उभ्या भिंतीवर आयबेक्स, म्हणजे शेळीच्याच कुळातले रानटी प्राणी, दगडांवरचा क्षार चाटण्यासाठी चढतात. मोरोक्कोत तर पाळीव शेळ्या फळांसाठी आर्गनच्या झाडांच्या शेंड्यापर्यंत जातात. खुराचे दोन भाग स्वतंत्रपणे फाकतात आणि त्यांचा तळ मऊ असल्याने चिमूटभर जागेवरही पाय ठरतो. असला प्राणी गेंड्यासमोर मैदानात उतरला, तर मी गेंड्याची काळजी करेन.

उंबरठा:
‘खूरमुद्रा’ यांनी विनोदाने लिहिलेले मी गंभीरपणे घेतो, कारण मला हवे आहे ते हेच. बोग्ज यांचे उदाहरणही माझ्या विरोधात जात नाही, कारण त्यांच्याकडे दाखवता येईल असे कसब होते. माझी भीती ‘टर्बो’सारख्या चित्रपटांची आहे. 2013 च्या त्या चित्रपटातील गोगलगाय गाडीच्या इंजिनात सापडते, तिच्या अंगात नायट्रस ऑक्साइड भिनते आणि ती थेट इंडियानापोलिसच्या शर्यतीत उतरते. स्वप्न तिचे, वेग मात्र अपघाताचा! उलट 2007 च्या ‘रॅटटुई’तील उंदराचे तीव्र घ्राणेंद्रिय आपल्याला आरंभीच दिसते, कळपाच्या अन्नात विष नाही ना, हे हुंगून पाहण्याचे काम त्याच्याकडे असते, आणि त्यामुळे तो पुढे स्वयंपाकी होतो तेव्हा प्रेक्षकाला काहीच उसने मानावे लागत नाही. ‘गोट’च्या झलकांत विलच्या उड्या दिसतात, पण त्या खुरांमुळे आहेत की केवळ पार्श्वसंगीतामुळे, हे मला अजून कळलेले नाही.

मधली सुट्टी:
त्याच गोगलगायीचा चित्रपट माझ्या भाच्याने पाहिला, तेव्हा नायट्रस ऑक्साइडविषयी त्याने एकही प्रश्न विचारला नाही. घरी आल्यावर तो कुंडीतल्या गोगलगायीला काकडी भरवत बसला. कसबाचा हिशेब आपण प्रौढांनी अवश्य मांडावा, परंतु चित्रपट मुलांसाठी चांगला की वाईट हे त्या हिशेबावर ठरत नाही, या मतावर मी ठाम आहे. मला उत्सुकता आहे ती निराळ्याच गोष्टीची: विलला संघात घ्यायला नाखूश असलेले त्याचे सहकारी त्याला चेंडू द्यायला कधी लागतात, त्याने जिंकून दाखवल्यानंतर की त्याआधी.

पॅसिफिक वेळ:
माझ्या मुलीच्या संघात तरी तो नंतरच मिळतो.