'गॉट' खोडून 'ऑब्टेन्ड': समानार्थी शब्दांची यादी पाठ करून घ्यावी का?

खडूफळा:
मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. मागच्या आठवड्यात निबंधाच्या वह्या तपासत होते. विषय होता पावसातली सहल. एका मुलीनं लिहिलं होतं, 'वी ऑब्टेन्ड वेट.' दोन ओळी सोडून, 'माय फादर रिसीव्ह्ड अँग्री.' मुलगी हुशार आहे, एरवी तिची वाक्यं नीट असतात. जवळ बोलावून विचारलं, तर म्हणाली, "बाई, आधी गॉटच लिहिलं होतं. पण शिकवणीच्या सरांनी सांगितलंय, गेट सारखं वापरायचं नाही, समानार्थी शब्द घालायचे." वहीच्या शेवटच्या पानावर यादी होती: ऑब्टेन, रिसीव्ह, बिकम, अराइव्ह, फेच, अंडरस्टँड. एकाखाली एक सहा शब्द, आणि कुठला कुठे बसतो याबद्दल अवाक्षर नाही. खोडरबरानं पुसलेलं 'गॉट' कागदावर अजून पुसट दिसत होतं. बरोबर लिहिलेलं खोडून तिनं चूक केलं होतं. मला फार वाईट वाटलं.

माझं स्पष्ट मत आहे की ही यादी शाळेत देऊच नये. हे सहा शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत. बिकम आणि फेच यांचा काय संबंध? गेटचा अर्थ त्याच्या पुढे काय येतं त्यावर ठरतो. पुढे वस्तू आली, गेट अ लेटर, की मिळणे. पुढे विशेषण आलं, गेट वेट, की होणे. पुढे ठिकाण आलं, गेट टू द स्टेशन, की पोचणे. गेट हिम टू साइन म्हटलं, की त्याच्याकडून करून घेणे. हे कळलं की पाठांतराची गरज उरत नाही.

आणि हे मुलांना नवीनही नाही. आपल्याकडे 'लागणे' आहेच की! भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नाद लागतो, जावं लागतं, बाळ रडायला लागतं. फलाटावर एसटी लागते आणि घाटात कुणाला तरी एसटी लागते. 'लागणे म्हणजे काय' असं कुणालाही विचारा, तो आधी विचारेल, काय लागलं? मी फळ्यावर आधी ही वाक्यं लिहिते, मग गेटकडे वळते. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा हात वर करतात.

नदीकाठ:
असहमत, ताई. मीही मराठी माध्यमातलाच. पहिल्या नोकरीच्या अर्जात 'आय गॉट फर्स्ट क्लास' लिहिलं होतं. साहेबांनी तो अर्ज सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला. तो दिवस मी विसरलेलो नाही. व्याकरणाची चूक नव्हती, पण अर्जात ती भाषा चालत नाही हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. 'वी गॉट युवर लेटर' आणि 'वी रिसीव्ह्ड युवर लेटर' यांचा अर्थ एकच आहे, पण पहिलं पत्र दोस्ताचं वाटतं आणि दुसरं कचेरीचं.

यामागे इतिहास आहे. गेट आला स्कँडिनेव्हियातून इंग्लंडात येऊन वसलेल्या लोकांबरोबर, तो घरातला, बाजारातला शब्द. ऑब्टेन आणि रिसीव्ह आले फ्रेंचमधून, १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात आणि न्यायालयात जी भाषा चालली तिच्यातून. इंग्रजांची मुलं घरातला शब्द आईकडून शिकतात आणि शाळा त्यांना दरबारी शब्द देते. आपल्या मुलांना दोन्ही शाळेतच मिळणार. तुम्ही दुसरा शब्द दिलाच नाहीत तर तो देणार कोण? यादी हवीच. फक्त प्रत्येक शब्दासमोर एक वाक्य हवं.

अनुवादक_मी:
यादीबद्दल खडूफळा यांच्याशी सहमत, 'लागणे'बद्दल मात्र नाही. अर्थांच्या पसाऱ्याचं साम्य खरं आहे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात 'लागणे' काढून पाहा, अर्थामागून अर्थ येत राहतात. पण वाक्याची बांधणी उलटी आहे. 'मला भूक लागली' यात कर्ता भूक आहे, मी नाही. 'मला नोकरी लागली' यात कर्ता नोकरी. इंग्रजीत 'आय गॉट द जॉब', तिथे कर्ता मी. हे न सांगता दोघांची सांगड घातली की मुलं 'हंगर गॉट मी' लिहिणार.

शिवाय गेटचं बरंचसं ओझं आपल्याकडे लागणे उचलतच नाही. इट गॉट डार्क, अंधार पडला. शी गॉट मॅरीड, तिचं लग्न झालं. आय गेट इट, कळलं. भाषांतर करताना मी गेटसाठी क्रियापद शोधत बसत नाही. अंधाराचं मराठीत काय होतं, लग्नाचं काय होतं, ते बघते.

खडूफळा:
कर्त्याचा मुद्दा एकदम मान्य. वर्गात तो मी सांगत नव्हते, आता सांगेन.

नदीकाठदादा, अर्जाचं वाचून वाईट वाटलं. पण क्रम महत्त्वाचा आहे. इंग्रज भाषाअभ्यासक ऑग्डेन यांनी १९३० मध्ये 'बेसिक इंग्लिश' ही मोजक्या शब्दांची सोपी इंग्रजी मांडली, त्यात सगळे मिळून ८५० शब्द होते आणि क्रियापदं जेमतेम १८. त्या अठरात गेट आहे, ऑब्टेन नाही. आधी ज्याच्यावर रोजचं बोलणं चालतं तो शब्द पक्का होऊ दे, दरबारी शब्द दहावीला येतील.

बाराखडी:
ऑग्डेन यांचं उदाहरण मला उलट बाजूचं वाटतं. ८५० हा आकडा दिसायला छोटा. पण गेट अप, गेट बाय, गेट ओव्हर, गेट अवे विथ हे सगळं पुन्हा वेगळं शिकावं लागतं. गेट येतं, ओव्हर येतं, तरी 'गेट ओव्हर' म्हणजे आजारातून किंवा दुःखातून सावरणं, हे कसं कळणार? त्यापेक्षा रिकव्हर बरा, त्याच्या अर्थाचा अंदाज बांधत बसावं लागत नाही. इंग्रजांना लांब शब्द अवघड वाटत असतील, माझ्या मुलाला छोटेच अवघड जातात.

यातून वाट मायकेल वेस्ट यांनी दाखवली होती. ते बंगालात, ढाक्याला इंग्रजी शिकवत होते. त्यांची सुमारे २००० शब्दांची यादी १९५३ मध्ये आली. तिच्यात शब्दाचा कुठला अर्थ किती प्रमाणात वापरात आहे, तेही मांडलं होतं. म्हणजे आधी कुठला अर्थ शिकवायचा हे बाईंना ठरवता येतं. शिकवणीच्या यादीत नेमकं तेच नाही.

सातासमुद्रापार:
अमेरिकेतून लिहितेय. माझी लेक 'हॅव गॉटन' म्हणायची आणि मी दरवेळी तिला सुधारायचे, कारण मी 'हॅव गॉट' शिकले होते. नंतर कळलं की गॉटन जुनंच रूप आहे, ब्रिटनमध्ये ते मागे पडलं आणि इथे टिकलं. इथे 'आय हॅव गॉट' म्हणजे माझ्याकडे आहे आणि 'आय हॅव गॉटन' म्हणजे मला मिळालं. लेकीचंच बरोबर होतं. लाल पेन उचलण्याआधी मुलांना विचारावं, एवढंच माझं म्हणणं.

खडूफळा:
काल त्या मुलीला तीच यादी परत दिली. नदीकाठदादांनी सांगितलं तसं प्रत्येक शब्दासमोर एक वाक्य लिहायला सांगितलं, पण अशी अट घालून की त्या वाक्यात यादीतला दुसरा शब्द बसता कामा नये. तिनं पाच लिहिली. ऑब्टेनपाशी अडली, कारण तिच्या प्रत्येक वाक्यात रिसीव्हही चालत होतं. शेवटी 'रिसीव्ह न मागता येतं, ऑब्टेन खटपट करून' असं तिचं तिनंच शोधलं आणि पासपोर्टचं वाक्य लिहिलं. मग पावसाच्या निबंधात 'गॉट वेट' पुन्हा लिहिलं.

जाता जाता तिनं विचारलं, "बाई, गेट अ कोल्डला यातलं कुठलं?" तिथे कॅच लागतं, आणि ते त्या यादीत नव्हतंच.